ब्लेंडरची पट्टी कोण भरतं?

अंबाजोगाईहून प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "सर, माझं फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला आता थ्रीडी नावं आणि फिरणारे लोगो पाहिजेत, म्हणून ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. मित्र म्हणतो, 'फुकट देयलेत म्हंजे काहीतरी गोम असल.' हॉलंडची कुठली तरी संस्था ते चालवते म्हणे. तिला परवडतं कसं? उद्या ती बंद पडली, नाहीतर पैसे मागायला लागली तर? धंद्याला वापरलं म्हणून नोटीस येईल का? देणगी द्यावी का? आणि मराठी नाव टाइप केलं की अक्षरं तुटतात, त्याचं काय करायचं?"

तुमच्या मित्राची शंका रास्त आहे. आपल्या धंद्यात 'फुकट' म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: पेनड्राइव्हवरून आलेलं क्रॅक, नाहीतर तीस दिवसांचं ट्रायल. ब्लेंडर या दोन्हींत बसत नाही, आणि ते का बसत नाही हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही. म्हणून जरा लांबण लावतो. मी संभाजीनगरला असतो, वाळूजच्या कारखान्यांसाठी मशिनची अ‍ॅनिमेशन करतो, २००७ पासून ब्लेंडरवर. त्याआधी काय वापरत होतो ते विचारू नका, तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं.

आधी नोटिशीचं, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. ब्लेंडरला लायसन्स की नाही, डोंगल नाही, लॉगिन नाही. दहा मशिनवर टाका, शेजारच्या दुकानदाराला कॉपी द्या, त्यावर केलेल्या कामाचे पैसे घ्या. सगळं चालतं. ब्लेंडर ज्या परवान्याखाली मिळतं त्याला जीएनयू जीपीएल म्हणतात. हा परवाना प्रोग्रॅमला लागू होतो, तुम्ही त्यात केलेल्या चित्राला नाही. तुमचा व्हिडिओ, तुमची ब्लेंड फाइल, सगळं तुमचं. पुढेमागे तुम्ही पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून ब्लेंडरचं एखादं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, लिहिलंत आणि विकायला काढलंत, तर मात्र ते जीपीएलखालीच द्यावं लागेल. विकायला बंदी नाही, पण घेणाऱ्याने ते पुढे वाटलं तर त्याला अडवता येत नाही.

यातून एक गंमत निघते. जीपीएलनुसार खुद्द ब्लेंडरची प्रत विकायलाही मनाई नाही. आमच्याकडे काम शिकायला आलेल्या एका पोराने एका क्लासवाल्याला 'ब्लेंडरचं ओरिजिनल लायसन्स' म्हणून चार हजार रुपये मोजले होते, पावतीसकट. प्रत विकली हा गुन्हा नव्हे, पण अस्तित्वातच नसलेली की विकली ही सरळ फसवणूक. तेव्हा उतरवून घ्यायचं ते फक्त ब्लेंडर डॉट ऑर्गवरून. शोधल्यावर वरती जाहिरातीत येणाऱ्या तशाच दिसणाऱ्या नावांवर बोट ठेवू नका, तिथून व्हायरस येतो.

आता संस्थेकडे येऊ.

ब्लेंडर जन्मलं ते एका स्टुडिओच्या घरगुती वापरासाठी. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन गावात निओजिओ नावाचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ होता, त्याच्या भागीदारांपैकी टॉन रोसेन्दाल याने जानेवारी १९९४ मध्ये ते लिहायला घेतलं. १९९८ मध्ये त्यासाठी 'नॉट अ नंबर' अशी वेगळी कंपनी निघाली. प्रोग्रॅम फुकट वाटायचा आणि त्याभोवतीच्या सेवा विकायच्या, असा बेत होता. गुंतवणूकदार मिळाले, पैसा आला. मग इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, विक्री होईना, आणि २००२ च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांनी कंपनीला कुलूप लावलं. ब्लेंडरचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, त्यांच्या ताब्यात, कपाटात पडून.

तुम्ही विचारता ना, 'उद्या बंद पडलं तर?' ते एकदा बंद पडून झालेलं आहे.

टॉनने मे २००२ मध्ये ब्लेंडर फाउंडेशन ही ना-नफा संस्था काढली आणि गुंतवणूकदारांशी बोलणी केली. सौदा ठरला: एक लाख युरो एकरकमी द्या, कोड खुला करतो. १८ जुलैला वर्गणी सुरू झाली. जगभरच्या वापरणाऱ्यांनी आपापल्या खिशातून दिलं आणि सात आठवड्यांत एक लाख युरो उभे राहिले. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरचा संपूर्ण कोड जीपीएलखाली बाहेर आला.

गावात सप्ताहाला पट्टी गोळा होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की आपल्या पट्टीचं काल्याच्या दिवशी जेवण होऊन जातं आणि भोंगा उतरतो. त्या पट्टीतून जी वस्तू सोडवून आणली ती कायमची सगळ्यांची झाली, पट्टी न देणाऱ्यांचीही. मीही न देणाऱ्यांतलाच. २००२ मध्ये मी ब्लेंडरचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

'संस्था' हा शब्द मराठवाड्यात काढला की अध्यक्ष, सचिव, त्यांचे मेहुणे आणि थकलेलं अनुदान असं सगळं डोळ्यांपुढे येतं, म्हणून हे नीट सांगतो. डच कायद्यात या प्रकाराला 'स्टिख्टिंग' म्हणतात. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला न्यास असतो, त्याच्या जवळपासचं. तिला भागधारक नसतात, सभासद नसतात. संचालक मंडळ असतं आणि पैसा उद्देशात लिहिलेल्या कामासाठीच खर्चायचा असतो. नफा वाटून घ्यायला मालकच नाही.

तरीही समजा, मंडळात उद्या वाईट माणसं आली. अशी उदाहरणं आपण इथे पाहिलेली आहेत, त्यामुळे मी संस्थेच्या घटनेवर फार विसंबत नाही. माझा भरवसा आहे तो दुसऱ्या एका गोष्टीवर. ब्लेंडरसाठी कोड लिहिणारा माणूस आपला कॉपीराइट संस्थेच्या नावावर करून देत नाही. कोड जीपीएलखाली देतो, मालकी स्वतःकडे ठेवतो. वीसेक वर्षांत अशा शेकडो जणांचं लिखाण त्यात मिसळलं आहे. सातबाऱ्यावर शेकडो नावं असलेली जमीन विकायची तर किती सह्या लागतील, विचार करा. परवाना बदलून ब्लेंडर बंदिस्त करायचं, तर त्या सगळ्यांची संमती लागेल. आणि आज जी प्रत तुमच्या मशिनवर आहे तिचा परवाना मागे घेता येत नाही. संस्था बुडाली तरी कोड उरतो, कुणीही पुढे चालवू शकतो. २०२५ मध्ये टॉनने पायउतार होत असल्याचं जाहीर केलं आणि २०२६ पासूनचा कारभार फ्रान्सेस्को सिद्दी यांच्याकडे सोपवला. संस्थापक उठला म्हणून आमच्या दुकानात एकही काम अडलं नाही.

परवडतं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. सुरुवातीला पुस्तकं, डीव्हीडी, टी-शर्ट विकून चालायचं. मग त्यांना एक चांगली युक्ती सुचली. स्वतःच छोटे सिनेमे करायचे. पहिला 'एलिफंट्स ड्रीम', २००६ चा. लोकांनी डीव्हीडीचे पैसे आगाऊ भरायचे, त्यातून कलाकार आणि प्रोग्रॅमर एका खोलीत बसवायचे. कलाकाराचं जिथे अडेल तिथे प्रोग्रॅमरने त्याच आठवड्यात दुरुस्ती करायची. सिनेमा झाला की सिनेमा आणि त्याच्या सगळ्या कामाच्या फाइल लोकांना मोकळ्या. २००८ च्या 'बिग बक बनी'त जनावरांच्या अंगावरचे केस दाखवायचे होते, म्हणून केसांची सोय सुधारली. २०१२ च्या 'टीअर्स ऑफ स्टील'मध्ये खऱ्या माणसांच्या चित्रीकरणात थ्रीडी मिसळायचं होतं, त्यातून कॅमेरा ट्रॅकिंग पक्कं झालं. तुम्ही उद्या लग्नाच्या मिरवणुकीच्या व्हिडिओत हवेत तरंगणारं नाव बसवाल, तेव्हा तेच ट्रॅकिंग वापराल. या कामासाठी २००७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ब्लेंडर इन्स्टिट्यूट उभी राहिली.

मोठा पैसा आला तो नंतर. २०११ पासून डेव्हलपमेंट फंड आहे. त्यात माणसं आणि कंपन्या वर्गणी भरतात, आणि त्यातून प्रोग्रॅमरांना पगार जातो. जुलै २०१९ मध्ये गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने तीन वर्षांत मिळून १२ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल आले, २०२१ मध्ये अ‍ॅपल आलं. दाते कोण हे फंडाच्या पानावर उघड लिहिलेलं असतं, सप्ताहाच्या मंडपातल्या फलकावर असतं तसं.

या कंपन्या पुण्य कमवायला आलेल्या नाहीत. एनव्हिडियाला ग्राफिक्स कार्ड विकायचं आहे. कार्ड घेणारा पोरगा दुकानातच विचारतो, "याच्यावर ब्लेंडर किती फास्ट चालतंय?" मग ब्लेंडर आपल्या कार्डावर पळावं यासाठी पैसे देणं आणि माणसं लावणं हा त्यांच्या धंद्याचाच खर्च. अ‍ॅपल आलं, आणि २०२२ मध्ये ३.१ आवृत्तीत त्यांच्या मशिनवर ग्राफिक्स चिपने रेंडर करण्याची, म्हणजे अंतिम चित्र काढण्याची, सोय आली. यात लपवाछपवी नाही. पण मला खरी काळजी वाटते ती इथेच. संस्था बंद पडण्याची नाही. या मोठ्या दात्यांनी हात आखडता घेतला तर सुधारणांचा वेग मंदावेल याची. मोठ्या देणगीदाराचा शब्द मंडपात जरा जास्त ऐकू येतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

भाड्याच्या सॉफ्टवेअरचा एक अनुभव सांगतो, कारण 'पैसे मागायला लागले तर' याचं उत्तर त्यात आहे. एका कारखान्याच्या पंपाची अ‍ॅनिमेशन मी मासिक भाड्याच्या एका सॉफ्टवेअरवर केली होती. काम संपलं, भाडं बंद केलं. चार वर्षांनी साहेबांचा फोन: "पंपाचा रंग निळ्याचा हिरवा करून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे." फाइल माझी, कष्ट माझे, पण उघडेना. पुन्हा भाडं भरलं, तर मधल्या काळात दरपत्रकच वाढलेलं. रंग बदलून मिळालेल्या पैशांपेक्षा भाडं जास्त गेलं. माझी २०१२ ची ब्लेंडरची फाइल आजही उघडते. तेव्हाचं जुनं रेंडर इंजिन २०१९ च्या २.८० आवृत्तीत काढून टाकलं, त्यामुळे मटेरिअल नव्याने करावं लागतं, हे मात्र खरं. पण ती कटकट माझ्या हातातली आहे.

दुकानासाठी 'एलटीएस' (लाँग टर्म सपोर्ट) लिहिलेली आवृत्ती घ्या. वर्षातून तीन-चार नव्या आवृत्त्या येतात, प्रत्येकीमागे धावलात तर हातातलं काम राहील. एलटीएसला दोन वर्षं फक्त दुरुस्त्या मिळत राहतात, मेनू बदलत नाहीत. जुलै २०२५ ची ४.५ ही तशीच आहे. मशिन जुनं असेल तर ४.० पासून पुढचं कदाचित उघडणारच नाही, कारण त्याला ग्राफिक्स कार्डात ओपनजीएल ४.३ ची सोय लागते. अशा वेळी ३.६ चालवून बघा. रेंडरला ब्लेंडरमधलंच ईव्ही नावाचं वेगवान इंजिन घ्या. २०२५ चं ऑस्कर मिळालेला लाटव्हियाचा 'फ्लो' हा सिनेमा ब्लेंडरमध्ये ईव्हीवरच झाला आहे, तेव्हा लग्नाच्या नावाला ते कमी पडणार नाही. आणि थेट एमपीफोर कधीही काढू नका. पीएनजी फ्रेम काढा, नंतर जोडा. लाइट गेली तर साडेतीनशेव्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं. एमपीफोर काढत असलात तर पहिल्यापासून.

आता अक्षरं तुटण्याचं. हा तुमचा दोष नाही. मी वापरलेल्या आवृत्त्यांमध्ये ब्लेंडरच्या टेक्स्ट ऑब्जेक्टला देवनागरी जुळवता येत नाही. 'विक्रम' लिहिलं की पहिली वेलांटी 'व'च्या पलीकडे जाऊन बसते आणि 'क्र' ऐवजी पाय मोडका 'क' आणि शेजारी 'र' दिसतो. कारण असं, की युनिकोडमध्ये मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो: आधी 'व', मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी आणायची, जोडाक्षर बांधायचं, हे काम वेगळ्या प्रोग्रॅमला करावं लागतं. हार्फबझ हा त्यातला नावाजलेला, तोही खुलाच. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलवर मराठी नीट दिसतं ते त्याच्यामुळे. इंकस्केप या खुल्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये तो आहे, म्हणून मराठी तिथे लिहायचं आणि आकार ब्लेंडरमध्ये न्यायचा.

एक खोच मात्र आहे. तुमच्या फ्लेक्सच्या कामात जे जुने बिगर-युनिकोड फॉन्ट असतात, त्यांतले काही ब्लेंडरमध्ये सरळ चालतात. कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त अंगावर मराठीचे कपडे. जुळवायचं काही नसतं, म्हणून तुटत नाही. पण गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नावं त्यात चिकटवता येत नाहीत, पुन्हा टाइप करताना 'देशमुख'चा 'देखमुश' होतो आणि मांडवात तो सगळे वाचतात.

तर इंकस्केपमध्ये नाव टाइप करा. फॉन्ट मुक्ता किंवा बलू घ्या. दोन्ही एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे, खुल्या परवान्याचे, धंद्याला चालतात. ल आणि श अस्सल मराठी वळणाचे हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा. मग पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ'. त्यानंतर अनग्रुप करून सगळी अक्षरं निवडा आणि 'युनियन' करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच काम फसतं. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. युनियन केलं नाही तर थ्रीडीत त्या सांध्यांवर काळे डाग नाहीतर भोकं येतात. युनियननंतर शिरोरेषा एकसंध होते. एसव्हीजी म्हणून साठवा, ब्लेंडरमध्ये इंपोर्ट करा. काहीच आलं नाही असं वाटेल, कारण आकार मुंगीएवढा येतो. शंभर पट मोठा करा, ओरिजिन मध्यावर आणा, मग एक्स्ट्रूड (जाडी) आणि थोडं बेव्हल (कडांना उतार). बेव्हल जास्त दिलंत तर 'क्ष'च्या आतल्या गाठी एकमेकांत घुसतात, तेवढं जपा.

इंकस्केपचीही सोय अशीच आहे. त्यांचे पैसे सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही अमेरिकेतली ना-नफा संस्था सांभाळते, म्हणजे छोट्या प्रकल्पाला हिशेब आणि वकील दुसऱ्याच्या छपराखाली मिळतात. फोटो सुधारायच्या गिम्पचं तसंच, नोम फाउंडेशनकडे. चित्रं काढायचं क्रिता पाहिलं असेल, तर त्यांची नेदरलँड्समध्ये स्वतःची छोटी संस्था आहे. २०१७ मध्ये तिला सुमारे २४ हजार युरोंची करमागणी आली होती आणि काम थांबायची वेळ आली होती. लोकांना हाक दिली, पट्टी जमली, निभावलं. ना-नफा आहे म्हणून कर खात्याची भीती नाही, असं नसतं.

देणगीबद्दल माझं मत: आत्ता देऊ नका. आधी त्यावर दोन पैसे कमवा. नंतर द्यायची झाली तर एकदाच, कार्डाने द्या. दर महिन्याची वर्गणी लावाल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या ऑटो-डेबिट नियमांमुळे परदेशी खात्याकडे जाणारा हप्ता पुष्कळदा अडकतो. आयकरातली ८०जीची सूट मिळणार नाही, ती भारतातल्या मान्य संस्थांनाच. मी पाडव्याला वहीपूजन झालं की वर्षाचं एकदा पाठवतो. कारकुनाच्या भाषेत तो 'सॉफ्टवेअर खर्च' आहे आणि भाड्याच्या तुलनेत नगण्य आहे.

पैशांपेक्षा एक काम तुम्ही आजही करू शकता, आणि ते हॉलंडमधल्या माणसाला सुचणार नाही. देवनागरी तुटते ती कुठे, कशी, हे त्यांच्या दोषनोंदीच्या पानावर जाऊन लिहा. आधी शोधा, तीच तक्रार कुणी केली असेल तर नवीन उघडू नका, तिथेच भर घाला. इंग्रजी साधं चालतं. 'मराठी दिसत नाही' एवढं लिहिलंत तर कुणी बघणार नाही. आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, आणि सोबत लहानशी ब्लेंड फाइल. 'विक्रम', 'ज्ञानेश्वर', 'कर्तृत्व' हे तीन शब्द टाका. वेलांटी, जोडाक्षर आणि रफार तिन्हींची परीक्षा होते.

तुमच्या पत्रिकेतलं नाव युनियन करूनही तुटत असेल, तर फॉन्टचं नाव आणि एसव्हीजी पाठवा. शनिवारी आमच्याकडे लाइट नसते, रविवारी बघतो.